हात माहे, तोंड तिचं

माह्यी नात म्हणते, आजी, तुह्यं आयुष्य म्हणजे कंटेंट आहे. मी म्हणलं, असंन बाई. रोग तर नाई न?

कंटेंट म्हणजे काय, तर आपल्यावर जे बेतलं ते लोकं जेवतांनी फोनात पाह्यते. आमच्या वक्ती असं नोतं. आमच्यावर बेतायचं, अन् जेवायचे आम्हीच राहून जायचो.

मी चवथीपर्यंत शिकली. चवथीत पाटी फुटली, घरी दुसरी आली नाई, तिथंच शाळा संपली. मडक्यावरची लांब रोटी मात्र मले येते. आमच्या भागात लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, रश्श्यासंग नाई तर आमरसासंग हीच रोटी लागते. गव्हाचं पीठ पाणी घालून घालून, आपटून आपटून असं सैल करा लागते का उचललं तर हातातून लोंबते. मंग ते दोन्ही हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, इकडून तिकडं अन् तिकडून इकडं झेलत वाढवायचं. रुमालावानी पातळ झालं का चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर सोडून द्यायचं. सोडतांनी हात चुकला तर रोटी जाते. मडक्याले हात लागला तर कातडं जाते.

मी शिकली तवा घरात शिकायपुरतं पीठ नोतं. सासू म्हणे, वाया घालवायले इथं तुह्या बापाची गिरणी आहे का? तिनं मले धोतराचं ओलं फडकं देल्लं. दोन महिने मी फडक्याची रोटी केली. एक दिवस मालकानं विचारलं, आज रोटीसंग भाजी काय आहे? मी म्हणलं, साबण.

मालक लवकर गेले. पोरगं लहान होतं. मंग मी गावोगावच्या कार्यात रोट्या करू लागली. दुसऱ्या बायाईच्या हातावर गोंदण असते, माह्या हातावर लग्नं आहेत. हा डाग एका मास्तराच्या पोरीच्या लग्नाचा, हा कोपराजवळचा एका बारशाचा, त्या घरचं मडकं नवं होतं. नात विचारते, आजी, तू रडत नोती का? काऊन रडू? पिठात मीठ आधीच बरोबर पडलं होतं.

आता घरची गोष्ट सांगते. पोरगा ट्रक चालवते, आठ-दहा दिवसानं येते. सून सकाळीच कापूस वेचायले जाते. घरी राह्यतो आम्ही तिघं. मी, नात, अन् तिचा फोन. नात एकोणीस वर्साची आहे, सिंदीले बसनं कॉलेजात जाते. सकाळी आधी फोन उठते, मंग ती उठते. तोंड धुवायच्या आधी पाह्यते का रात्रीतून किती लोकाईनं आपल्याले पाह्यलं. लय पाह्यलं असंन तर आंगण झाडतांनी गाणं म्हणते. कमी पाह्यलं असंन तर चहा घेत नाई. म्हणून मी आधनात साखर टाकायच्या आधी विचारून घेते, "आज कसं आहे व?" कमी म्हणली का एक चमचा जास्त टाकते.

गावातल्या बाया मले म्हणते, बिघडली तुह्यी नात. मी म्हणते, आपल्या वक्ती विहीर नोती का? डोक्यावर दोन घागरी अन् कमरेवर एक घेऊन निघालं का सारं गाव पाह्ये. घागर फुटली का वर्षभर सांगे. हिची विहीर हातात आहे, एवढंच. फक्त आपली विहीर अंधार पडला का बंद होये, हिची होत नाई.

तर एक दिवस तिनं मले रोट्या करतांनी फोनात घेतलं. कोणी पाह्यलं नाई.

"आजी, तू हसत नाईस न, म्हणून."

"चुलीपुढं कोण हसते व?"

मंग तिनं फोनातूनच माह्या तोंडाले काहीतरी लावलं. मी चुन्यावानी पांढरी दिसू लागली, सुरकुत्या गायब. मी म्हणलं, "हे मेल्यावर लावजो. आता नोको. लोकं वयखणार नाई, उधार मांगायले येतीन."

दोन दिवसानं पोट्टीले अक्कल सुचली. तोंड तिचं अन् हात माहे. मायची हिरवी साडी नेसून ती चुलीजवळ उभी राहून गोड हसे, केस मागं टाके. मंग फोन खाली घेऊन माहे हात घ्यायचे. दोन्ही तुकडे जोडले का ही नार हसते बी अन् रोटी बी करते. फक्त हात एकसारखे दिसावे म्हणून तिनं आपल्या हिरव्या बांगड्या काढून माह्या हातात भरल्या. माह्या हातात चाळीस वर्सानं बांगड्या चढल्या. मी थोडी थांबली.

"दुखते का, आजी?"

"नाई. घट्ट आहेत."

डाग दिसू नये म्हणून कोपरापर्यंत पीठ फासलं. काम झालं. लोकाईनं धडाधड पाह्यलं. कोणी लिहे, आजच्या जमान्यात अशी पोरगी! कोणी लिहे, सून असावी तर अशी. जिले चहा गाळता येत नाई, तिच्याखाली लोकं असं लिहून राह्यले होते. अन् ही एकेकाले उत्तर देये. "थँक्यू ताई." "हो दादा, नक्की." अन् लाल बदाम. मी म्हणलं, एवढ्या लोकाईले काऊन बोलतं? तर म्हणे, उत्तर नाई देल्लं तर फोन रुसते, मंग आपल्याले लोकाईले दाखवत नाई. म्हणजे सासूच झाली न ते.

त्या लिहिणाऱ्याईत आर्वीची एक बाई होती. तिनं लिहिलं, माह्या लेकीचं बारसं आहे, आमच्या घरी रोट्या करणारं कोणी राह्यलं नाई, तू येशील का? पोट्टीनं लिहिलं, "नक्की ताई", अन् बदाम. त्या बाईनं तारीख पाठवली. हिनं आंगठा पाठवला. पत्ता पाठवला. पुन्हा आंगठा. मले हे काही सांगितलं नाई. तिच्या मनात सांगण्यासारखं काही होतंच नाई.

त्याच्यात माहा हात मोडला. तो बी कंटेंटमधीच मोडला. संध्याकाळचं ऊन चांगलं पडलं म्हणून मले रोट्याचं टोपलं घेऊन आंगणात उभं केलं. "आजी, थोडी मागं सरक. अजून थोडी. अजून." मी सरकत गेली अन् मागच्या नालीत उताणी पडली. पोट्टी धावत आली. आधी म्हणे, "आजी, लागलं का?" मंग म्हणे, "रेकॉर्ड झालं व माय." उजव्या मनगटाले प्लॅस्टर बसलं. डॉक्टरनं विचारलं, कशानं पडली? मी म्हणलं, उन्हानं.

हप्ताभरानं आर्वीच्या बाईचा फोन आला. पोट्टी विळीवर भाजी चिरत होती, म्हणून आवाज मोठा करून फोन खाली ठेवला होता. मले सारं ऐकू आलं.

"ताई, पाच दिवस राह्यले. चाळीस पानं होतात. मी पोळ्यावाली सांगितली नाई, भात बी थोडकाच ठेवला. सासूबाई म्हणते मोबाईलवरच्या बाईचा काय भरवसा. पण मी म्हणलं, तिनं नक्की म्हणलं आहे."

पोट्टीच्या हातचं वांगं तसंच राह्यलं. "हो ताई," म्हणली अन् फोन ठेवला.

मी विचारलं. तिनं सांगितलं. आधी थोडं, मंग सारं.

"मी तिले ब्लॉक करून टाकते," म्हणे.

"म्हणजे?"

"म्हणजे तिले मी दिसतच नाई. फोन बी लागत नाई. खतम."

"अन् चाळीस पाहुणे? ते बी खतम?"

"आजी, तुले समजत नाई. नक्की असं सारेच म्हणते. बोलायची पद्धत आहे ते."

आता हे कोणाले माहीत नसंन तर सांगते. रोटीवालीनं हो म्हणलं का त्या घरी दुसरी पोळी लाटत नाई. अन् पाहुणे पंगतीत बसल्यावरच पहिली रोटी मडक्यावर पडते, कारण थंडी झाली का ती रबर होते. म्हणून रोटीवाली आली नाई तर पंगत नुसता रस्सा घेऊन बसते, अन् त्या घरची बाई जलमभर ते ऐकते. मी तापात गेलती. भर पावसात गेलती. मालक गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात एका लग्नात गेलती, रांधणखोलीच्या मागच्या दारानं, म्हणजे कोणाले तोंड दिसू नये. हो म्हणून मी गेली नाई असं एक घर नाई. माह्यापाशी दुसरं काही नाई, हेच आहे.

"जायचं," मी म्हणलं.

"तुह्या हाताले प्लॅस्टर आहे!"

"तुह्या हाताले काय झालं?"

तिनं आपल्या हाताकडं पाह्यलं. "नेलपॉलिश निघन," म्हणे, अन् रडू लागली. सारे फ्रॉड म्हणतीन, कॉलेजातल्या पोरी हसतीन, मी तोंड कसं दाखवू? मी म्हणलं, तोंडाचं राहू दे. तोंड तुह्यं चांगलंच आहे. हाताचं पाहू.

फडकं ओलं करून तिच्या हातात देल्लं. ती म्हणे, "थांब आजी, आधी पाहून घेते." अन् फोनात स्वतःचाच व्हिडिओ लावला. मी बाजूले बसली होती, अन् ही फोनात माहे हात पाहून शिकून राह्यली होती.

"अवं, ते हात इथं आहेत."

"इथं स्लो करता येत नाई न, आजी."

खरंच होतं ते. मी कवा स्लो केलंच नाई.

पहिला दिवस फडक्यात गेला. दुसऱ्या दिवशी पीठ देल्लं. पीठ केसात गेलं, भिंतीवर गेलं, एक गोळा शेजारच्या बकरीच्या पाठीवर जाऊन बसला, ती बकरी अजून आमच्या दारापुढून पळत जाते. तिसऱ्या दिवशी रोटी झाली, पण तिच्यात खिडकी होती. चवथ्या दिवशी हाताले मडकं लागलं.

"आजी, जळलं व!"

"हाव. जळते."

"फुंकर तरी मार."

मारली. फुंकर मारतांनी पाह्यलं, डाग बरोबर तिथंच होता जिथं माहा पहिला आहे. पोट्टीनं त्याचा फोटो काढला. पण कोणाले पाठवला नाई.

पाचव्या दिवशी सकाळी निघालो. आपलं मडकं संग न्या लागते, नव्या मडक्यावर रोटी चिकटते. वर्ध्याले गाडी बदलून आर्वीच्या एसटीत बसलो. पोट्टीच्या मांडीवर पिठाचा डबा, माह्या मांडीवर मडकं, त्याच्यावर माहा प्लॅस्टरचा हात. कंडक्टर आला.

"बुढे, मडक्याचं बी तिकीट लागन."

"काढ न बापा. पण अर्धं."

"अर्धं बायाईले असते. मडक्याले नाई."

"हे बाईच होय. रोज जळते अन् बोलत नाई."

सारी गाडी हसली. कंडक्टरनं मडक्याचं तिकीट काढलं नाई. पोट्टी म्हणे, "आजी, हे पुन्हा एकदा म्हण न, मी घेते." मी म्हणलं, "एकदा म्हणलं ते म्हणलं. मी काय पोपट आहे?"

आर्वीच्या घरी मांडव होता. ती बाई धावत आली, पोट्टीचे दोन्ही हात धरले. "माय वं, फोनात दिसते तशीच आहेस!" दारात तिची सासू बसली होती, माह्याच वयाची. तिनं मले वरून खालपर्यंत पाह्यलं, मंग मडकं पाह्यलं, मंग प्लॅस्टर.

"ह्या कोण?"

"मी मडकं धरायले आली," मी म्हणलं.

परसात चूल पेटवली. मडकं तापलं. पंगत बसली. रस्सा वाढला. अन् तिथल्या पोरीबाळी सारे फोन घेऊन चुलीभोवती उभे. पोट्टीनं आपल्या सवयीनं आधी केस मागं टाकले, गोड हसली. मंग गोळा घेतला. पहिली रोटी फाटली. दुसरी चुलीत गेली. तिसरी तिच्याच हाताले पट्टीवानी गुंडाळली. फोन वरचे वरच होते. पंगतीतून कोणी आवाज देल्ला, "रोटी येऊन राह्यली का पार्सल आहे?"

सासू उठून आली. "मी म्हणलं नोतं? मोबाईलवरची बाई!"

त्या बाईचं तोंड उतरलं. ती पोट्टीले हळूच विचारे, "ताई, काय झालं? फोनात तर चांगली करत होती."

मले वाटलं पोट्टी आता पळते. पळाली नाई. माह्या प्लॅस्टरकडं बोट केलं अन् म्हणली, "ते हात हिचे होते."

"हाव," मी म्हणलं. "हात माहे, तोंड तिचं. आता हात मोडला, नुसतं तोंड आलं."

सासू म्हणे, "मंग तोंडावर रोट्या शेकू का?"

चूल तर पेटली होती. पंगत रस्सा घेऊन बसली होती. मी माहा डावा हात कोपरापर्यंत धुतला, पोट्टीच्या डाव्या बाजूले चिकटून उभी राह्यली.

"तुहा डावा हात मागं बांध," मी म्हणलं. "उजवा पुढं कर. मी देते, तू घे. तू देशील, मी घेईन."

"आजी, असं होते का?"

"मले काय माहीत? मी बी पहिल्यांदाच करून राह्यली."

गोळा माह्या डाव्या हातावरून तिच्या उजव्या हातावर टाकला. "घे." तिनं परत टाकला. "दे." घे, दे. घे, दे. मधात एकदा पीठ दोघींच्या मधात लोंबलं, तिनं वाकून झेललं. तिचं लक्ष ना फोनाकडं ना पंगतीकडं. जीभ दाताखाली धरली होती, नाक फेंदारलं होतं, असं तोंड तिनं कोणालेच दाखवलं नसतं. दोघींनी मिळून सोडली. बसली मडक्यावर. फाटली नाई.

लांब म्हणावी तर लांब नोती, गोल बी नोती. तालुक्याच्या नकाशासारखी होती. पण शिजली.

दुसरी थोडी बरी झाली. पाचवीपासून हात जुळला. पंगतीतले माणसं बी मंग ताटावर बोटं वाजवून "घे, दे, घे, दे" करू लागले. मले आयुष्यात रोट्या करतांनी कोणी ताल देल्ला नोता. सासू माह्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दोघी मिळून एक बाई झाली बापा!" म्हणे.

"एकीचंच जेवण द्या लागन मंग," मी म्हणलं. "फायदा पाहा."

ती हसली नाई, पण कमरेवरचा हात काढला अन् चुलीत लाकूड सरकवलं.

टाइम लागला. पहिली पंगत उठायले दुपार कलली. दुसऱ्या पंगतीत बाया बसल्या, त्याईनं तर दोन-दोन मांगितल्या. पोट्टीच्या हातावर अजून दोन डाग पडले. एकदाच "आजी" म्हणली, मी "हाव" म्हणलं, अन् गोळा देल्ला. तिनं घेतला. त्या बाईनं पाळण्यातली लेक आणून आमाले दाखवली. लेक झोपली होती, एवढ्या गोंगाटात. सगळ्याईच्या ताटात रोटी पडली. कोणीच नुसता रस्सा पिऊन उठलं नाई.

शेवटची रोटी रोटीवालीची असते, अशी पद्धत आहे. ती शेवटची सासूनं मांगितली. चुलीपाशीच उभ्यानं तोडली, रश्श्यात बुडवली, चावली.

"जाड आहे," म्हणे.

आम्ही दोघी उभ्या.

"पण गरम आहे," म्हणे, अन् सारी खाल्ली.

घमेल्यात पीठ उरलं नोतं. भात तर तिनं आधीच थोडकाच ठेवला होता. तवा आम्ही पाणी पिऊन, मडकं घेऊन निघालो. आर्वीच्या गाडीत पोट्टी माह्या खांद्यावर झोपली, फोन तिच्या पर्समधी एकसारखा कुईं कुईं करून राह्यला होता. तिथल्या पोरीबाळीनं सारं टाकलं होतं म्हणे, फाटलेली रोटी, चुलीतली रोटी, माह्यं प्लॅस्टर, सारं. कोणी फ्रॉड लिहिलं, कोणी बदाम पाठवला. तिनं वर्ध्याच्या स्टँडवर उतरल्यावर थोडं वाचलं, तोंड थोडं पडलं, मंग म्हणे, "आजी, भूक लागली."

मी म्हणलं, मले सकाळपासून लागली आहे.

स्टँडवर आलूबोंडे घेतले, गरम, कागदावर, वरून तळलेली मिरची. मी डाव्या हातानं उचलला.

"थांब, थांब," म्हणे. तिनं दोन्ही बोंडे जवळ ठेवले, मिरची तिरपी केली, मडकं मागं सरकवलं, अन् जळलेल्या हातानं फोन वर धरला.

पोटात कावळे ओरडून राह्यले होते. तरी मी थांबली. ऊन चांगलं पडलं होतं.